चाक कुंभाराचे आणि मोटारीचे

चाकण औद्योगिक पट्ट्यातील निघोजे हे गाव आज चाकांसाठी ओळखले जाते. २००९ मध्ये चाकण परिसरात फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि २०१० मध्ये खुद्द निघोज्याच्या हद्दीत महिंद्रचा. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या, इंद्रायणीच्या परिसरातील ज्या रानात एके काळी बाजरी आणि कांदा पिकत असे, तेथून आता मोटारी बाहेर पडतात. या चाकांचा हिशेब मिनिटांवर चालतो. परंतु गावात पूर्वीपासून एक दुसरेही चाक होते. ते जमिनीत रोवलेल्या खुंटावर फिरे, दांडा घालून त्याला गती द्यावी लागे आणि त्याचा हिशेब सणांवर चाले. ते चाक आता जवळजवळ थांबले आहे. थांबणे अपरिहार्यच होते, असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. हे गृहीतक एकदा तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त घडले ते एका वाडग्याचे. माझा एक माजी विद्यार्थी याच पट्ट्यातील एका कारखान्यात अभियंता असून सहा महिने प्रशिक्षणासाठी जपानला जाऊन आला. गेल्या दिवाळीत भेटावयास आला, तेव्हा त्याने मातीचा एक वाडगा हाती ठेवला. तपकिरी, पिकलेल्या फळाच्या रंगाची झिलई, कडेला थोडी काळसर छटा, आणि तळाशी झिलई न दिलेले उघडे कडे. शोभेची वस्तू असावी असे वाटून मी ती कपाटात ठेवू लागलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, हा कपाटात ठेवायचा नाही. तिथे यातून रोज भात खातात."

तो वाडगा मी आमच्या कुंभारआळीतील तात्यांकडे नेला. तात्यांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. त्यांनी वाडग्याची नक्षी पाहिलीच नाही. प्रथम तो उलटा केला, तळाच्या उघड्या कड्यावरून अंगठा फिरवला, मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. "माती आपली न्हाय, मास्तर. पर हात आपल्यावानीच हाय," असा अभिप्राय दिला आणि विचारले, "हे किती दिस टिकतं?" पडला नाही तर दोन पिढ्या टिकेल, असे मी सांगितले. त्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग लोकं दुसरं कशाला घेत्याल?"

मी वीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत आहे. मागणीच्या पुनरावृत्तीसंबंधी इतका नेमका प्रश्न वर्गात मला कोणी विचारलेला नाही.

फुटण्यावर उभा असलेला धंदा

आपल्याकडील कुंभाराचा धंदा वस्तू टिकण्यावर नव्हे, तर ती फुटण्यावर, झिजण्यावर आणि धर्माने टाकून द्यावयास सांगण्यावर उभा होता. संक्रांतीला सुगडे, अक्षय्य तृतीयेला घट, उन्हाळ्यात माठ, दिवाळीत पणत्या, लग्नात बोळकी, अंत्यविधीला मडके. यांपैकी बहुतेक वस्तू एकदा वापरून विसर्जित करावयाच्या. शिवाय बलुत्याच्या पद्धतीत कुंभाराला नगाच्या हिशेबाने दाम मिळत नसे. सुगीला धान्य मिळे आणि त्याच्या बदल्यात वर्षभर भांडी पुरवावयाची असत. अशा व्यवस्थेत भांडे अधिक टिकाऊ, अधिक देखणे वा अधिक महाग करण्याचे काही कारण कुंभारास नव्हते. कौशल्य कमी होते असे नाही. आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापटण्याने ठोकून रांजण वाढविण्याची कला ज्याने पाहिली आहे, तो असे म्हणणार नाही. कौशल्याला मोबदला देणारी बाजारपेठ नव्हती, हा खरा मुद्दा.

मग प्रथम अॅल्युमिनियम आले, ज्याला आपण 'जर्मन' म्हणत असू. नंतर स्टेनलेस स्टील आले, त्यामागून प्लास्टिक. कल्हईचा त्रास नको, फुटण्याची भीती नको, आणि मोडीलाही किंमत. गृहिणीने केलेली ही निवड पूर्णतः तर्कशुद्ध होती आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. मातीच्या भांड्याकडे उरले ते केवळ विधीचे काम आणि उन्हाळ्याचे गार पाणी.

माशिकोवरही हीच वेळ आली होती

तो वाडगा ज्या माशिको गावचा, ते टोकियोच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. येथील कुंभारकाम फार प्राचीन नाही. १८५३ मध्ये ते सुरू झाले. पाण्याचे हंडे, लोणच्याची भांडी, चहाच्या किटल्या असा साधा स्वयंपाकघरी माल तेथून राजधानीला जात असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शहरातील घरांत नवे इंधन आणि धातूची भांडी आली आणि माशिकोच्या मालाची मागणी घसरली. म्हणजे निघोज्याच्या कुंभारावर जी वेळ आली, तीच माशिकोच्या कुंभारावर काही दशके आधी आली होती. पुढचा मार्ग मात्र वेगळा झाला.

या वळणावर तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली गोष्ट विचाराची. १९२५ च्या सुमारास यानागी सोएत्सु, हामादा शोजी आणि कावाई कांजिरो यांनी 'मिंगेई', म्हणजे लोककारागिरी, हा शब्द रूढ केला. अनाम कारागिरांनी, सामान्य माणसाच्या नित्य वापरासाठी, भरपूर संख्येने आणि स्वस्त केलेल्या वस्तूंतच खरे सौंदर्य असते, असे यानागी यांचे प्रतिपादन होते. हामादा यांनी माशिकोत बस्तान बसविले आणि तेथील जुन्याच मातीतून व जुन्याच झिलईतून हंड्यांऐवजी वाडगे, पेले, बशा घडविल्या. वस्तू बदलली, हात तोच राहिला. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरविले.

दुसरी गोष्ट भांडवलाची. १९३६ मध्ये टोकियोत लोककारागिरीचे संग्रहालय उभे राहिले, ते ओहारा मागोसाबुरो या कापड गिरणीच्या मालकाच्या देणगीतून. हे ओहारा ओकायामा प्रांतातील कुराशिकीचे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्या पुणे-ओकायामा मैत्रीचे स्मारक आहे, तेच हे ओकायामा. ज्याच्या यंत्रमागांनी हातमाग मागे सारले, त्याच वर्गातील एका माणसाने हातकामाला घर बांधून दिले, ही गोष्ट चाकणच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. युद्धोत्तर भरभराटीत कारखानदारीने हस्तव्यवसाय गिळून टाकण्याची चिन्हे दिसताच जपानने १९७४ मध्ये पारंपरिक कारागिरी उद्योगांच्या प्रवर्धनासाठी कायदा केला. त्याच्या अटी वाचनीय आहेत. वस्तू दैनंदिन वापराची हवी. तिच्या घडणीतील मुख्य काम हाताचे हवे. तंत्र व कच्चा माल शंभर वर्षांच्या परंपरेचा हवा. आणि त्या भागात तो व्यवसाय करणारे काही किमान संख्येने हवेत. एकट्यादुकट्या कलावंताला हा कायदा ओळखत नाही, तो गावाला ओळखतो. माशिकोला ही मान्यता १९७९ मध्ये मिळाली.

वाडगा हाती धरणारे आणि ताटात वाढणारे

तथापि कायदा आणि देणगी यांनी मागणी निर्माण होत नसते. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर जपानी पंगतीत आहे. तेथे भाताचा वाडगा हाती उचलून तोंडाजवळ नेतात. धातूचा वाडगा गरम भाताने हाताला चटका देईल, मातीची जाड भिंत तो देत नाही, आणि तळाचे कडे बोटांना पकड देते. शिवाय बहुतेक घरांत प्रत्येकाचा वाडगा वेगळा असतो, आणि ऋतूप्रमाणे, पदार्थाप्रमाणे भांडी बदलण्याची रीत आहे. म्हणून टिकाऊ वाडग्यालाही पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक मिळते. पहिला वाडगा झिजला म्हणून दुसरा घेतला जात नाही. माणूस वेगळा, ऋतू वेगळा, पदार्थ वेगळा, म्हणून दुसरा घेतला जातो.

आपले ताट जमिनीवर वा टेबलावर स्थिर असते. भाकरी, भाजी, चटणी यांना सपाट जागा लागते आणि आमटीची वाटी उचलण्याची गरज नसते. परंतु केवळ सोयीचाच हा प्रश्न असता, तर कपबशीने आपल्या घरात प्रवेश केलाच नसता. खरा अडसर सोवळ्याओवळ्याचा होता. धातू घासून शुद्ध होतो, माती विटाळ शोषून घेते, अशी आपली समजूत. म्हणून मातीचे भांडे एक तर देवकार्याला नवेकोरे हवे, नाही तर ज्याला दूर ठेवावयाचे त्याच्या वाट्याला. चहाबरोबर चिनीमातीची कपबशी घरोघर आली. पण तीही कित्येक वर्षे स्वयंपाकघराबाहेरच राहिली, आणि खेड्यापाड्यांतील हॉटेलांत काही माणसांसाठी वेगळा, कान तुटलेला कप खुंटीला टांगलेला असे. हे लाजिरवाणे वास्तव विसरून 'मातीकडे परत चला' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. परत जावयाचे नाही. ज्या मातीच्या भांड्यात विटाळाची कल्पनाच शिरू शकणार नाही, अशा भांड्याकडे पुढे जावयाचे आहे. झिलई दिलेला वाडगा काहीही शोषून घेत नाही. तो कोणीही वापरावा, कोणीही धुवावा.

झिलई म्हणजे काय

झिलई म्हणजे मातीवर वितळून बसलेली काचेची पातळ कातडी. आपल्या आव्यात लाकूड, शेण्या, पालापाचोळा यांच्या आंचेवर साधारणतः सातशे ते आठशे अंश सेल्सियस उष्णता मिळते. त्यात माती भाजली जाते, पण सच्छिद्र राहते. म्हणूनच माठातील पाणी पाझरून गार होते. जेवणाच्या भांड्यासाठी मातीचे कण परस्परांत विरघळून घट्ट व्हावे लागतात आणि त्यासाठी बाराशे अंशांच्या पुढे जावे लागते. त्या आंचेवर लाकडाची राख आणि फेल्डस्पार यांचे मिश्रण वितळून काच बनते. राखेतील चुना वितळण्यास साह्य करतो, लोहामुळे हिरवट ते काळ्यापर्यंत छटा येतात, तांब्याने हिरवा रंग येतो. भाताच्या तुसाची राख वालुकायुक्त असल्याने तिच्यापासून दुधाळ पांढरी झिलई होते. कमी आंचेवर चकाकी आणावयाची तर पूर्वी शिशाची संयुगे वापरीत. चिंच, कोकम, ताक अशा आंबट पदार्थांत ते शिसे उतरते. म्हणून जेवणाच्या भांड्यात त्याला थारा देता कामा नये.

येथे आपली भौगोलिक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दख्खनच्या पठारावरील काळी माती पाण्याने फुगते, वाळताना आक्रसते आणि तडकते. लीद आणि राख मिसळून कुंभार तिला कसाबसा वळवितो, परंतु बाराशे अंशांना ती टिकत नाही. त्यासाठीची पांढरी माती सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आहे आणि चंद्रपूरकडे आहे. झिलईच्या बाबतीत मात्र आपण दरिद्री नाही. मावळात भाताचे तूस मुबलक आहे. आणि सह्याद्रीचा काळा पाषाण बारीक दळला तर त्यातील लोहामुळे उच्च आंचेवर तो गडद तपकिरी झिलई देतो. खडीच्या खाणींवर जी भुकटी धूळ म्हणून उडते, ती योग्य हातात पडली तर रंग होईल.

घरची उदाहरणे

हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणू नये. निघोज्याहून जवळच तळेगाव दाभाडे आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून, म्हणजे माणशी एक पैसा गोळा करून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने तेथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. त्याची धुरा सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचेचे तंत्र शिकण्यासाठी जपानला आणि पुढे अमेरिकेला गेले होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जपानची भट्टीविद्या आमच्या शेजारी येऊन गेली होती, हे आज किती जणांस ठाऊक आहे?

आपल्या घरातील लोणच्याची बरणी पाहा. वर तपकिरी, खाली पांढरी, मीठ-तेल-आंबटाला दाद न देणारी. झिलईच्या भांड्याला मराठी स्वयंपाकघराने मनापासून स्वीकारल्याचा तो पुरावा होय. सौराष्ट्रातील थानगढ-मोरबी भागात हा उद्योग रुजविणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. त्यांच्या नावाच्या पॉटरीने त्या भागाला ओळख दिली. माती तिकडे होती म्हणून उद्योग तिकडे गेला, एवढाच त्याचा अर्थ. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीस कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे खेड्यातील कुंभाराला सुधारित भट्टी आणि झिलईचे काम शिकविण्याचा प्रयत्न स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात केला. दिल्लीत सरदार गुरचरणसिंग यांनी जपानात शिकून येऊन हे काम रुजविले. १९७१ पासून पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरीने अनेक नामवंत कलावंत घडविले. पण या शेवटच्या दोन प्रवाहांचा लाभ बहुतांशी शहरी, सुशिक्षित कलावंतांना झाला. जन्माने कुंभार असलेला माणूस माठ आणि पणतीपाशीच राहिला.

काय करता येईल

केंद्र सरकारने २०१८ मध्ये कुंभारांना विजेची चाके देण्याची योजना आणली, आणि २०२३ मध्ये विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभाराचा समावेश झाला. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाचे कर्ज तीत मिळते. हेतू चांगला आहे. पण विजेचे चाक जुनाच माल अधिक वेगाने तयार करते, आणि मागणी घटत असताना पुरवठा वाढला तर भाव पडतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे ज्ञान आहे. अडचण चाकात नाही, भट्टीत आहे. उच्च आंचेची भट्टी एका कुटुंबाला परवडत नाही आणि अर्धी भट्टी बांधता येत नाही. भांडवलाच्या या अविभाज्यतेवर उपाय एकच, सामायिक भट्टी. जपानमधील ओंता या डोंगरी खेड्यात सुमारे दहा कुटुंबे हे काम करतात आणि त्यांतील काही आजही डोंगरउतारावरील एक भट्टी वाटून घेतात. तेथे माती कुटावयाची ती ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी मुसळांनीच. जितके पाणी तितकी माती, जितकी माती तितका माल. कोणी शेजाऱ्याला मागे सारून बाजार भरू शकत नाही.

चाकण पट्ट्यात अशी एक सामायिक गॅसभट्टी, पांढरी माती एकत्र मागविण्याची सोय आणि शिसे तपासण्याची व्यवस्था उभी करणे हे मोठ्या खर्चाचे काम नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावयाचा असतो, आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कला व हस्तव्यवसाय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मागणीचाही हिशेब करून पाहू. समजा, या पट्ट्यातील काही कारखान्यांनी मिळून दिवाळीत दहा हजार कामगारांना स्टीलच्या डब्याऐवजी प्रत्येकी दोन वाडगे द्यावयाचे ठरविले. एक कारागीर दिवसाला पन्नास वाडगे करतो आणि वर्षात अडीचशे दिवस काम करतो असे धरले, तर साडेबारा हजार वाडगे होतात. वीस हजार वाडग्यांसाठी चाकावर दोन माणसे पुरतील. माती मळणे, तळ कोरणे, झिलई, भट्टी आणि फुटतूट धरली तर चारपाच कुटुंबांचे वर्ष निघेल. मोटारीच्या गावात ही संख्या नगण्य आहे. कुंभारआळीत ती नगण्य नाही.

या योजनेने बेकारी हटेल असा दावा मी करीत नाही. जपानमध्येही गेल्या काही दशकांत अशा मालाची विक्री घटली आहे, कारागिरांच्या मुलांना हा धंदा नकोसा झाला आहे, आणि तेथील रोजच्या भांड्यांपैकी मोठा वाटा मिनो भागातील कारखानेच पुरवितात. अनाम कारागिरीचा पुरस्कार करणाऱ्या हामादांचीच भांडी पुढे संग्राहकांनी मोठ्या किमतीला घेतली, हाही विरोधाभास आहे. परंतु जपानने कुंभाराला मोटारीच्या जोडीने जगता येईल एवढी जागा राखून ठेवली. आपण तो पर्याय विचारातच घेतला नाही. तात्या जेथून माती आणीत, ती जागा आज कुंपणाच्या आत आहे. त्यांचा नातू जवळच्याच एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. सात महिन्यांनी कंत्राट संपते, मग काही दिवस घरी बसावयाचे, मग दुसरे कंत्राट. आजोबांचा धंदा बुडाला म्हणून त्याला खंत नाही. आपल्या हातात असा कोणताच धंदा नाही, जो सात महिन्यांनी कोणी काढून घेऊ शकणार नाही, ही त्याची खंत आहे.

जपानी वाडगा तात्यांनी चार दिवस ठेवून घेतला होता. परत देताना त्यासोबत दुसरा एक वाडगा दिला. त्यांनी जुने चाक धुऊन, घरात उरलेल्या मातीतून तो घडविला होता आणि आव्यात भाजला होता. आकार, कडेचा बाक, तळाचे कडे, सारे हुबेहूब. घरी येऊन मी दोन्ही वाडग्यांत पाणी भरून टेबलावर ठेवले. तासाभराने पाहिले, तर एकाखाली ओलीचे वर्तुळ उमटले होते. त्या दोन वाडग्यांत हाताचा फरक नाही. फरक योग्य मातीचा आणि चारपाचशे अंश आंचेचा आहे, आणि ती माती व ती आंच पुरविणे हे एकट्या कुंभाराचे काम नव्हे. लोक दुसरा वाडगा कशाला घेतील, या तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर पंगतीत सापडते. पहिला वाडगा त्यांना करता यावा यासाठी भट्टी कोण बांधणार, या प्रश्नाचे उत्तर आपण द्यावयाचे आहे.